गोल नाकाचा बाण

मंदा, तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली. थोडीथोडकी नाही, सहा वर्षं राहून गेली. रोह्याहून हमरापूरला यायला निघाले की दर खेपेला ठरवायचे, आज सांगून टाकायचं. तुझ्या कारखान्याच्या पायरीवर चप्पल काढली आणि तू तांब्या घेऊन पुढे आलीस की धीर गळायचा. आधी पाणी, मग चहा, मग नवा साचा दाखवणं, मग भांडण, आणि तोवर माझ्या परतीच्या गाडीची वेळ व्हायची. तुझं तेरावं होऊन आज चार दिवस झाले. आता मला गाडीची घाई नाही आणि तुला मधे बोलता येत नाही, असा योग आपल्या आयुष्यात पहिल्यांदाच आलाय. तेव्हा ऐकून घे.

तो गोल नाकाचा बाण खाडीतून परत आला नव्हता. मी तुला आणून दिला तो मी केलेला होता, रोह्याशेजारच्या अष्टमी गावात, माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. तुझा खरा बाण अजून तिकडेच कुठेतरी कांदळाच्या झाडांच्या मुळाशी असेल.

हुश्श. लिहिलं एकदाचं. मधे उठून पाणी पिऊन आले.

हा कागद तुझ्या सुनेच्या, प्रणालीच्या हाती जाणार, आणि तिच्याकडून आणखी कुणाकुणाच्या. त्यांना वाटेल, साठीच्या दोन बायका आणि हे बाणाचं काय खूळ? म्हणून पहिल्यापासून सांगते. तुला माहीत असलेलंच पुन्हा ऐकावं लागेल, पण शिकवायची सवय जात नाही माझी. तू म्हणायचीस ना, बाईंना वेळ विचारली तर घड्याळाचा शोध कुणी लावला तिथून सुरू करतात.

मी रोह्याच्या शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवायचे. तू हमरापूरच्या तुमच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचीस. आपली गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पण एका वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी हवेच्या जोरावर उडणारा कागदाचा बाण करायला घेतला, आणि त्याचं नाक दर वेळी जमिनीवर आपटून चपटं व्हायला लागलं. कुणीतरी म्हणालं, हमरापूरला जा, कागदाच्या लगद्याचं काहीही ओतून देतात. मी नमुना म्हणून घरातलं प्लास्टिकचं नरसाळं पिशवीत घालून तुझ्या दारात उभी राहिले. तू माझ्याकडे पाहिलंस, नरसाळ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "तेल सांडलं काय गो बाई?"

तेव्हापासून तू मला 'बाई' म्हणत आलीस आणि अगंतुगंही करत आलीस. शाळेतल्या बाईंना इतक्या हक्काने 'गप बस' म्हणणारी दुसरी कुणी मला भेटली नाही.

प्रदर्शन झालं, बक्षीस काही मिळालं नाही, मुलं दहावी होऊन गेली, आणि आपण दोघी थांबलोच नाही. उडवायचं यंत्र इक्बालभाईंनी केलं. अष्टमीत माझ्या घराशेजारी त्यांचं नळाच्या सामानाचं दुकान. त्याआधी पंधरा वर्षं ते आखातात पाईप जोडत होते. जाड पाईपची आडवी टाकी, तिच्यातून वर आलेली उभी नळी, मधे झटक्यात उघडणारा कॉक आणि हवेच्या दाबाचा काटा. नळीवर बाण टोपीसारखा बसवायचा, टाकीत हवा भरायची, कॉक फिरवायचा. काट्यावर इक्बालभाईंनी लाल रेघ मारली होती. त्यांची अट एकच, "बाई, काटा रेघेच्या पुढे गेला तर पाईप उचलीन आणि घरी जाईन." सुरुवातीला आम्ही सायकलचा पंप मारून दमायचो. तू दोन वेळा बघितलंस आणि म्हणालीस, "कॉम्प्रेसर हाय ना आमचा. गणपतीला रंग मारतो, तुमच्या काठीला हवा नाय मारणार?" तेव्हापासून कारखान्याचा कॉम्प्रेसर आपला झाला आणि मागचं शेत आपलं मैदान. भात कापून झालं की दिवाळीपासून होळीपर्यंत ते मोकळंच असायचं.

बाणाला काय काय लागतं ते आपण चुकत चुकत शिकलो. पहिलं नाक तू शाडूचं केलंस. ते इतकं जड झालं की बाण निम्म्या वाटेतच नाक सोडून द्यायचा. मग लगदा. मग लगद्यात आतून बोटभर शाडू, कारण डोकं जड आणि शेपूट हलकं असल्याशिवाय तो सरळ जाईना. मधोमध दोरा बांधून डोक्याभोवती गरागरा फिरवून बघायचं. नाक पुढे राहिलं तर पास, शेपूट पुढे आलं तर नापास. अंगणात तू बाण फिरवत होतीस आणि रस्त्यावरून जाणाऱ्या म्हातारीने विचारलं होतं, "दृष्ट काढतंय काय गो?" तू म्हणालीस, "व्हय, या बाईंची." ती बिचारी हात जोडून गेली.

आणि परत येणं. माझं सगळं लक्ष उंचीवर, तुझं परत येण्यावर. तुमच्याकडे तयार मूर्तीला धूळ लागू नये म्हणून जे पातळ प्लास्टिक गुंडाळतात, त्याची तू छत्री केलीस. ती नाकात घडी करून ठेवायची. बाण वर जाताना नाक जागेवर राहायचं, वेग संपून बाण कलला की नाक सुटायचं आणि छत्री बाहेर. नाक लवकर सुटलं तर छत्री फाटते, उशिरा सुटलं तर बाण जमिनीत घुसतो. म्हणून नाकाच्या बुडाला तू सुताचे वेढे द्यायचीस. एक वेढा कमी, एक वेढा जास्त, असं करत महिना गेला. मी वहीत तक्ता आखला होता. तू तक्त्याकडे ढुंकून बघितलं नाहीस. अंगठ्याने नाक ढकलून बघायचीस आणि सांगायचीस, आज सुटेल. सुटायचं.

डोळे मात्र तू गंमत म्हणून काढलेस. पहिलं नाक रंगवून झालं आणि तू शून्य नंबरचा ब्रश घेऊन त्यावर दोन गोल डोळे काढलेस. मी म्हटलं, "हे कशाला?" तर म्हणालीस, "वाट दिसायला नको? गणपतीचे नायत ते, पाखराचे हायत. घाबरू नको." पण मग स्वतःच त्या गमतीत अडकलीस. तुमच्या कारखान्यात डोळे सगळ्यात शेवटी. तोवर ती माती. कुठेही ठेवा, कशीही उचला. डोळे आखले की मूर्ती एका फळीवरून दुसऱ्या फळीवर नेतानाही तू 'चला' म्हणून विचारल्यासारखं करायचीस. बाणाला डोळे आल्यावर त्याच्याशीही तू तशीच वागायला लागलीस. 'डोळे उघडले की तो आपला पाहुणा. पाहुणा हरवून चालत नाय.' मला हसू यायचं. मी ते शास्त्राच्या विरुद्ध आहे असंही सांगून पाहिलं. तू म्हणालीस, शास्त्राला डोळे काढता येतात का विचार.

आता आपलं मोठं भांडण. नाक टोकदार की गोल?

मी टोकदारवाली. आजवर पाहिलेलं प्रत्येक रॉकेटचं चित्र टोकदार होतं, आणि सुई कापडातून जाते, सुपारी जात नाही, हे माझं म्हणणं. तू गोलवाली. "हवा काय कापड हाय टोचायला?" एका संध्याकाळी तू वैतागून रंगाची गन उचललीस. पाटावर दोन नाकं आडवी ठेवलीस, माझं टोकदार आणि तुझं गोल, मागे काळं कापड लावलंस, बाजूने दिवा धरायला मला उभं केलंस आणि पांढऱ्या रंगाचा बारीक फवारा सोडलास. तुझ्या नाकावरून तो फवारा पोटावरून तेल ओघळावं तसा सरकत गेला. माझ्या नाकावरूनही गेला, पण जिथे शंकू संपून नळी सुरू होते त्या कडेपाशी जरासा घुटमळला आणि भोवऱ्यात फिरला. "बघ. मुकुटाच्या कडेमागं आन् कानामागं रंगाची भुकटी साठते. पोटाला कधी नाय. चाळीस वर्षं पुसतंय मी ती भुकटी," तू म्हणालीस. मी हट्टाने म्हटलं, हा रंग आहे, हवा नव्हे. तू म्हणालीस, "मग रंगाला कोण नेतंय? तुझे हेडमास्तर?"

इक्बालभाई हसून हसून पाईपवर बसले होते. मी दिवा धरून उभी, त्यामुळे मला रागाने निघूनही जाता येईना.

मग लावली शर्यत. माझा टोकदार बाण आणि तुझा गोल. कागद तोच, वजन तेवढंच, हवा लाल रेघेपर्यंत. पंखांवरूनही वाद झाला, कारण मी चार पंख लावायची आणि तू तीन. 'तिपाई कधी डुगडुगत नाय' हे तुझं तत्त्वज्ञान. शेवटी ज्याचे त्याने लावावेत असं ठरलं. आणि तुझी अट, की जो हातात परत येईल त्याचीच उंची धरायची. हरवला तर उडालाच नाही असं समजायचं.

सकाळी कारागीर यायच्या आधी कॉम्प्रेसर मोकळा असतो म्हणून आपण सकाळची वेळ धरली. शेतात पान हलत नव्हतं. मी वहीत लिहिलं, 'वारा शांत.' माझा बाण गेला, चांगला गेला, छत्री उघडली, शेतातच पडला. मग तुझा. मंदा, तो कसा गेला. माझ्या हातात कोनमापक आणि ओळंबा होता, उंचीचा कोन बघायला. दोरा कुठे थांबला ते मी वाचलं, खात्रीसाठी पुन्हा वाचलं. माझ्या बाणापेक्षा कितीतरी वर. तू हरखून टाळ्या वाजवत होतीस. वर छत्री उघडली, उन्हात चमकली, आणि जागच्या जागी खाली यायचं सोडून सावकाश खाडीकडे चालायला लागली.

मतलई वारे. रात्री थंड झालेल्या जमिनीवरून पहाटे समुद्राकडे वाहतात. फळ्यावर ती आकृती मी इतकी वर्षं काढली की डोळे मिटून काढली असती. डोळे मिटूनच काढत होते म्हणायचं. जमिनीवर पान हललं नाही म्हणून मी वर बघितलं नाही, आणि ज्या कोकणाच्या किनाऱ्यावर हे वारे मुलांना पाठ करायला लावले, तिथेच माझ्या डोळ्यांदेखत ते तुझा बाण घेऊन गेले.

खोटं कशाला सांगू, अर्धं मिनिट मला आनंद झाला. हरवला म्हणजे उडालाच नाही, म्हणजे मी जिंकले. मग तुझ्याकडे पाहिलं आणि तो आनंद गिळला.

आपण बांधावर किती शोधलं. भरती होती, कांदळात पाणी चढलेलं, तुझी एक चप्पल चिखलाने खाल्ली. मी म्हटलं, जाऊ दे, दुसरा करू. तू म्हणालीस, "डोळे उघडलेत गो त्याचे. असा चिखलात टाकून कसा जाऊ?" त्यानंतर तिसऱ्या दिवशी प्रणालीचा फोन आला. "बाई, आई नीट जेवत नायत. रोज ओहोटीला बांधावर जाऊन उभ्या राहतात. तुम्ही सांगा ना काय तरी."

काय सांगणार? विज्ञानाच्या शिक्षिकेने अशा वेळी काय सांगायचं असतं, ते पुस्तकात नाही. तुझ्याच साच्यातलं एक कोरं नाक तू मला ठेवायला दिलं होतंस. मी ओट्यावर कागदाची नळी गुंडाळली, पंख कापले, प्लास्टिकची छत्री केली, दोरे बांधले. रंगापर्यंत सगळं छान जमलं. मग डोळे. फळ्यावर मी माणसाचा डोळा भागांच्या नावांसह सुरेख काढायची. पण तुझा डोळा बघायचा, मंदा, माझा नुसता नावं सांगायचा. दोन्ही डोळे पेंगुळले, दुपारच्या तासाला मागच्या बाकावर असतात तसे. पुसायला गेले तर रंग पसरला. म्हटलं, चिखलाखाली झाकले जातील.

चिखलासाठी कुंडलिकेच्या काठावर गेले आणि बाण लडबडवत बसले. तिथे इक्बालभाईंनी पकडलं. सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाई, ही नदीची माती. खाडीची काळी असते, तिला वास येतो. फसवायचं तर इमानदारीने फसवा." दुसऱ्या दिवशी ते स्वतः पेणच्या बाजूला कामाला गेले होते, तिथून डबाभर खाडीचा चिखल घेऊन आले. त्या डब्यात आजतागायत मी काही ठेवलेलं नाही.

मी तो बाण घेऊन आले आणि दारातूनच म्हटलं, भरतीने आणून टाकला बघ बांधावर. तू हातातलं काम ठेवलंस. बाण घेतलास, पदराने पुसलास, नाकाकडे बराच वेळ बघत राहिलीस. मग तू म्हणालीस, "आला काय घरी. बरं झालं." आणि आत वळून प्रणालीला हाक मारलीस, "ताटं घे गो, भूक लागलीय." त्या दिवशी तू जेवलीस आणि मलाही वाल-भात पोटभर वाढलास. जेवताना तू नाकाच्या भांडणात जिंकल्याचं मी कबूल केलं. तू खाली बघून हसलीस. मला वाटलं, जिंकल्याचं हसू आहे.

नंतर तू तो बाण मूर्तीसारखा प्लास्टिकमध्ये गुंडाळलास, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलास आणि पुन्हा उडवू दिला नाहीस. दर वर्षी मी विचारायची. तू म्हणायचीस, "उडवू की. वेळ आली की उडवू." तुझंच म्हणणं होतं, फळीवर बसलेला बाण म्हणजे रंगवलेलं नरसाळं. मग याच बाणाला का बसवून ठेवलंयस, असं मी कधी तावातावाने विचारलं नाही. उडवला तर माझं बिंग फुटेल, या भीतीने मी आपली गप्प.

आता मागे वळून पाहते तेव्हा आठवतं ते वेगळंच. तू सहज म्हणाली होतीस, "भरती गुणाची हो. दोरे पण नवे करून दिलेन." मी हसून दुसरा विषय काढला. आणि त्याच वर्षापासून, मी आले की तू फुटकं, वाया गेलेलं एखादं नाक माझ्यापुढे ठेवायचीस, हातात ब्रश द्यायचीस. "काढ एक डोळा." मला वाटायचं, बाईंना बसवून ठेवायला काहीतरी उद्योग देतेय. तू शेजारी बसून मूर्तीचे डोळे आखायचीस, श्वास धरून, आणि मधेच तुझा हात माझ्या मनगटावर यायचा. "दाबू नको. ब्रशला जाऊ दे, त्याला म्हायती हाय." सहा वर्षांत माझे डोळे पेंगायचे थांबले. गेल्या वेळी तू माझ्या एका डोळ्याकडे बघून म्हणालीस, "हा उठला बघ." मला शाळेत कधी शाबासकी मिळाली नसेल इतका आनंद झाला, आणि मी तो दाखवला नाही. तेही सांगायचं राहिलं. घे, आता सांगितलं.

त्या शेवटच्या भेटीत आपण पंखांवरूनच भांडलो होतो. तीन की चार. मी उठताना म्हटलं, पुढच्या खेपेला सिद्ध करून दाखवते. तू म्हणालीस, ये तर खरी. पुढच्या खेपेला आले ती तेराव्यालाच.

मंडप, पंगत, माणसं. सगळे डोळे पुसत होते आणि मला तुझ्या कारखान्यात जाऊन बसायचं होतं. प्रणालीने ओळखलं. मला आत घेऊन गेली, स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरून तो बाण काढून तिने माझ्या मांडीवर ठेवला. "आईंनी सांगून ठेवलंय. हा बाईंना द्यायचा. त्यांनी केलाय, त्यांचाच हाय."

मी म्हटलं, "कुणी केलाय?"

"तुम्ही ना," ती म्हणाली, अगदी साधेपणाने, जसं काही गावाला माहीत होतं.

मी प्लास्टिक सोडवलं आणि आधी शेपटीकडे बघितलं. मंदा, चार पंख. मी त्याला चार पंख लावले होते. तुझ्या बाणाची हुबेहूब नक्कल करायला बसले, दोरे मोजले, वेढे मोजले, खाडीचा चिखल मागवला, आणि पंख मात्र सवयीने माझे लावले. तुझ्या हातात दिला त्या क्षणी तुला ते दिसलं असणार. सहा वर्षं तीन-चारवरून माझ्याशी भांडलीस आणि एकदाही वर बोट करून 'ती बघ तुझी भरती' म्हणाली नाहीस. तेराव्याच्या दिवशी मी मोठ्याने हसले. बाहेर पंगतीतली माणसं आत डोकावली. प्रणालीही हसायला लागली, मग आम्ही दोघी रडलो, मग पुन्हा हसलो.

मग मी बाण फिरवून नाक बघितलं.

उजवा डोळा माझा नव्हता. म्हणजे रेघ माझीच होती, पण तिच्यावरून तुझा ब्रश एकदा फिरला होता. पापणीची एक रेघ आणि बुब्बुळात एक पांढरा ठिपका, एवढंच. तेवढ्याने तो जागा झाला होता. डावा जसाच्या तसा, पेंगुळलेला, रंग पसरलेला.

"त्याच दिवशी संध्याकाळी केला आईंनी," प्रणाली म्हणाली. "मी म्हटलं दुसरा पण करा. तर म्हणाल्या, तो बाईंचा हाय. एक तिचा, एक माझा. राहू दे."

मग तिनेच पुढचं सांगितलं. "उडवायचं विचारलं की म्हणायच्या, बाई खरं सांगतील त्या दिवशी उडवू. घाई नाय. सांगतील त्या, मास्तरीण हाय, खोटं पचत नाय तिला."

बघ मग. तू वाट बघत होतीस आणि मी गाडीची वेळ बघत होते. एवढा एकच राग आहे माझा, आणि तो तुझ्यावर नाही. एका वाक्याचं काम होतं. तू हसली असतीस, 'तेल सांडलं काय गो' म्हणाली असतीस, आणि सहा वर्षांपूर्वीच आपण तो मागच्या शेतातून उडवला असता. पण तू मला उघडं पाडलं नाहीस. मी तुझ्यासाठी खोटं बोलले, ते तू माझ्यासाठी सांभाळलंस, आणि वर मला डोळे काढायला शिकवलंस. तुझे उपकार म्हटलं तर तू ब्रश फेकून मारशील. म्हणून नाही म्हणत.

आता खरं सांगून झालंय. तुझ्या अटीप्रमाणे बाण उडवायचा दिवस आलाय. येत्या रविवारी अष्टमीत नदीकाठच्या मोकळ्या रानात उडवणार आहे. इक्बालभाईंनी कॉक बदलला, लाल रेघ नव्याने मारली आणि सायकलचा पंप पुसून ठेवला. प्रणाली येणार आहे. वेळ दुपारची ठेवली आहे, सकाळची नाही. दुपारी खारे वारे जमिनीकडे येतात. या वेळी फळ्यावरची आकृती डोळे उघडे ठेवून काढली. छत्रीही लहान केली. सुताचे वेढे मी दिले आणि अंगठ्याने ढकलून बघितलं. सुटेल असं वाटतंय.

इक्बालभाई म्हणाले, "बाई, मंदाताईचा हात फिरलेला हा शेवटचा. नका उडवू, ठेवून द्या." रात्रभर विचार केला. हरवला तर तुझी ती पापणीची रेघही गेली. पण फळीवर ठेवला तर ते रंगवलेलं नरसाळं, आणि ते तुला चाललं नसतं. शिवाय तुझा एक डोळा आहे त्याला, वाट दिसेल. माझा डोळा पेंगुळलेला असला तरी सोबतीला आहे.

गेल्या वेळी बाण हरवला तेव्हा खोटं सांगायला माझ्यापुढे तू होतीस. या वेळी कुणाला सांगू? त्यामुळे मंदा, हा मला खरोखरच परत आणावा लागणार आहे.